पायाला मुरूम लागेपर्यंत

आमच्याकडे गाव पांढरीवर असतं आणि शेत काळीत. पिढ्यान्‌पिढ्या मातीची घरं पडली, त्याच जागी नवी उभी राहिली, तीही पडली. त्या ढिगाची झालेली माती म्हणजे पांढरी. हातात घेतली तर पिठासारखी भुरभुरते. माळवदावर, म्हणजे मातीच्या सपाट छतावर, टाकायला चांगली, पण पाया धरत नाही. हे मला डिसेंबर २०२० मध्ये नीट कळलं, घरकुलाचा पाया खणताना. तीन फुटांवर खापरं निघाली. चौथ्या फुटाला राख आणि जात्याची फुटकी तळी. मिस्तरीमामा खड्ड्यात उतरून पहार मारायचे, पहार सरळ आत जायची, आणि ते वर बघून एवढंच म्हणायचे, "अजून."

मुरूम लागला पाच फुटांच्या खाली. तोवर सरकारकडून आमच्या खात्यात पहिला हप्ता आला होता १५,००० रुपयांचा, आणि त्यातले अकरा हजार खर्चून झाले होते. जमिनीच्या वर अजून एक दगड चढला नव्हता.

मी लातूर जिल्ह्याच्या दक्षिणेकडच्या गावातली. घरात आम्ही दोघं, दोन मुलं आणि सासूबाई. सासूला आमच्यात मामी म्हणतात. शेत नाही. हे लातूरच्या बाजारात एका आडतीवर हमाली करतात, सोयाबीन आणि तुरीच्या हंगामात काम भरपूर, एरवी आठवड्यातून दोन-तीन दिवस. मी शिवणकाम करते आणि खुरपायला जाते. आमचं जुनं घर मातीत बांधलेल्या दगडी भिंतींचं होतं, वर पत्रे. त्या घराचं मूळ छत माळवदाचं होतं, ते १९९३ नंतर काढलं.

१९९३ म्हटलं की इकडे वेगळं सांगावं लागत नाही. ३० सप्टेंबरची पहाट, चारला चार मिनिटं कमी, गणपती बोळवून लोक नुकते झोपलेले. किल्लारीच्या भूकंपात सुमारे ८,००० माणसं गेली, आणि बहुतेक गेली ती आपल्याच घराखाली. दोन-अडीच फूट रुंद दगडी भिंत मातीत रचलेली, तिच्यावर लाकडी तुळया आणि तुळयांवर फूट-दीड फूट पांढरी माती. उन्हाळ्यात त्या घरासारखा गारवा नाही. पण भिंत फुटली की सगळं वजन खाली. मामींचं माहेर किल्लारीच्या जवळचं. त्यांचा भाऊ आणि भावजय त्यात गेले. आमच्या गावात माणूस गेलं नाही, घरांना तडे गेले. पुढे दुरुस्तीसाठी मदत आली तेव्हा पुष्कळांनी माळवद उतरवून पत्रे टाकले, तसे सासऱ्यांनीही टाकले. पत्र्याखाली मे महिन्यात अंगाची लाही व्हायची, पण मामींना तेच बरं वाटायचं.

घरकुलाच्या यादीत आमचं नाव लागलं ते २०११ च्या सामाजिक-आर्थिक सर्वेक्षणावरून. तेव्हा योजनेचं नाव इंदिरा आवास होतं. २०१६ मध्ये ती प्रधानमंत्री आवास योजना झाली, ग्रामसभेत प्रतीक्षा यादी वाचून दाखवली, आणि आमचा नंबर कळला. गावाला वर्षाला पाच-सहा घरं मिळायची. म्हणजे हिशोब करत बसायचं. २०११ ते २०२०, नऊ वर्षं गेली. या काळात ह्यांनी मोटारसायकल घेतली नाही. दोनदा जुनी गाडी स्वस्तात मिळत होती, पण दुचाकी असली की नाव कटतं असा नियम होता, आणि यादीतून कटलेलं नाव परत येत नाही हे गावात सगळ्यांनी पाहिलं होतं. पहाटे साडेचारला उठून टेम्पोची वाट बघत उभं राहायचं, पावसाळ्यातसुद्धा. दुचाकीची आणि फ्रिजची ती अट आता २०२४ मध्ये काढून टाकली. चांगलं केलं. हमालाने कामावर जायला घेतलेली गाडी म्हणजे श्रीमंती कशी होते, हे मला कधीच समजलं नव्हतं.

नंबर आला तो २०२० च्या दिवाळीच्या सुमाराला. त्याच वेळी राज्यात महाआवास अभियान सुरू झालं होतं, २० नोव्हेंबरपासून, त्यामुळे कार्यालयात जरा लगबग होती. ग्रामसेवकांनी कागद सांगितले: दोघांचं आधार, जॉब कार्ड, पासबुक, जागेचा नमुना आठचा उतारा. बाकी सगळं होतं, उतारा मात्र सासऱ्यांच्या नावावर, आणि ते २००९ मध्ये वारलेले. वारसनोंद कुणी केलीच नव्हती. जागा दोघा भावांची. दीर पुण्याला असतात. मनाने वाईट नाहीत, पण सहीचं नाव काढलं की माणूस सावध होतो. मी स्वतः गेले त्यांच्याकडे. मुलाला घेऊन, रात्रीच्या गाडीने. म्हटलं, भाऊजी, जागा तुमची निम्मी ती निम्मीच राहील, आम्ही पश्चिमेकडच्या अर्ध्यातच बांधणार, तसं कागदावर लिहू. १०० रुपयांच्या स्टॅम्पवर संमतीपत्र झालं. जाऊबाईंनी जाताना चिवड्याची पिशवी दिली. परतीच्या गाडीत मी रडले, का ते सांगता येणार नाही, पण हलकं वाटलं.

आमचं निभावलं, कारण निदान आजोबा-पणजोबांपासूनची गावठाणातली जागा होती. माझ्या बचत गटातली एक मैत्रीण गायरानाच्या कडेला राहते. तिचं नाव यादीत माझ्याही वर होतं. जागेचा उतारा नाही म्हणून ती मागे राहिली. जागा घ्यायला पैसे देणारी दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावाची योजना आहे, तेव्हा तिच्यात ५०,००० रुपये मिळायचे, पण त्या पैशात आमच्या गावठाणालगत जागा विकायला कुणी तयार नव्हतं. तिच्यासमोर पाया खणायला सुरुवात करताना मला फार अवघड गेलं.

मंजुरी आली, घर माझ्या आणि ह्यांच्या दोघांच्या नावावर. जुन्या घरासमोर मला उभं करून गृहनिर्माण अभियंत्यांनी मोबाइलवर फोटो काढला. त्या फोटोबरोबर जागेचे अक्षांश-रेखांश जातात, पुढचे सगळे फोटो त्याच जागेचे लागतात. एकूण मदत १,२०,००० रुपये. ती एकदम मिळत नाही. आमच्या वेळी पहिला हप्ता १५,०००, जोत्यापर्यंत बांधलं की ४५,०००, लिंटलपर्यंत, म्हणजे दार-खिडक्यांच्या वरच्या पट्ट्यापर्यंत, गेलं की ४०,००० आणि घर पूर्ण झालं की २०,०००. शिवाय शौचालयाचे १२,००० वेगळे, आणि रोजगार हमीतून स्वतःच्याच घरावर ९० दिवसांची मजुरी. किमान जागा २५ चौरस मीटर, म्हणजे २६९ चौरस फूट. आम्ही ३०० बांधलं.

आता पायाचा हिशोब सांगते, कारण खरी अडचण तिथेच आहे आणि ती कुठे लिहिलेली मला दिसली नाही. पायापासून जोत्यापर्यंत आम्हाला ६२,००० रुपये लागले. जुन्या भिंतींचे दगड पायात वापरले, नाहीतर याहून जास्त लागले असते. हातात १५,०००. उरलेले ४७,००० आम्ही आधी घालायचे, मग फोटो, मग दुसरा हप्ता. ज्याच्याकडे काही नाही म्हणून घरकुल मिळतं, त्याच्याकडे ४७,००० असायला हवेत. मी दोन बोकड आणि एक शेळी विकली, १४,००० आले. बचत गटातून ३०,००० उचलले, शेकडा दोन रुपये महिना व्याजाने. बाकी तीन हजारांची उधारी सिमेंटच्या दुकानात. ज्यांच्याकडे शेळ्या नाहीत, गट नाही, त्यांचं घर पायातच थांबतं. आमच्या गावात अशी दोन जोती होती, त्यांच्यावर रुई उगवलेली. लोक म्हणायचे, हप्ता खाल्ला. मीही तसं म्हणायचे, हे कबूल करते. आता म्हणत नाही. काळ्या मातीत किंवा पांढरीत पाया खोल जातो, माळावर दोन फुटांत खडक लागतो, आणि पहिला हप्ता दोघांना सारखाच. तो हप्ता पायाची खोली बघून द्यायला हवा, निदान तीस-पस्तीस हजार तरी. अभियंता तर येऊन बघतोच.

जोतं जानेवारीत झालं. मिस्तरीमामांनी त्यावर सगळीकडून सळई घालून काँक्रीटचा पट्टा ओतला, आणि चारही कोपऱ्यांत उभी सळई सोडली. मी विचारलं, एवढ्याशा घराला हे कशाला, सळई महाग आहे. ते म्हणाले, "वहिनी, भूकंपानंतर दुरुस्तीची कामं निघाली तेव्हा मी पोरगा होतो, इंजिनिअर लोकांनी आमच्याकडून करून घेतलं. खाली पट्टा, लिंटलला पट्टा, कोपऱ्यात सळई. पेटीला सुतळी बांधतो तसं. ते सोडून मी बांधत नाही." भूकंपाच्या आधी नकाशावर हा भाग सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात दाखवलेला होता, २००२ च्या नकाशात तो तिसऱ्या झोनमध्ये आला. सळईचे पैसे मी मुकाट्याने दिले.

मग फोटो. अभियंत्यांकडे वीसेक गावं होती. ते आले, फोटो काढला, तो वर चढेना. रेंज नाही. दुसऱ्यांदा आले तर वर कुठेतरी मंजुरी अडकली. सहा आठवडे गेले. या काळात एका माणसाने ह्यांना गाठून सांगितलं, दोन हजार दिले तर आठवड्यात काम होईल. हे द्यायला तयार झाले होते. मी अडवलं. तत्त्वाची गोष्ट होतीच, पण दोन हजार नव्हतेही. मी मुलाच्या वहीतल्या पानावर अर्ज लिहिला, तारखा घातल्या, अभियंते किती तारखेला आले ते लिहिलं आणि आवक विभागात देऊन पोच घेतली. पोचेवर शिक्का मारून घ्यायचा, हे आमच्या गटाच्या ताईंनी शिकवलेलं. नऊ दिवसांनी ४५,००० जमा झाले. अर्जामुळे झाले की होणारच होते, मला सांगता येणार नाही. पण त्यानंतर मी प्रत्येक गोष्टीची पोच घेतली.

रोजगार हमीच्या मजुरीचं वेगळंच झालं. त्या वर्षी दिवसाला २३८ रुपये, ९० दिवसांचे २१,४२०. हजेरीपट निघाले, रोजगार सेवकाकडे विचारलं की तो म्हणायचा, पैसे पडलेत. माझ्या पासबुकात काही नाही. तीन खेपा झाल्या. शेवटी बँकेतल्या एका मुलीने आधार टाकून पाहिलं आणि म्हणाली, "काकू, तुमचं आधार दुसऱ्या बँकेला जोडलंय." गॅसच्या अनुदानासाठी कधीतरी उघडलेलं खातं. त्यात पडून होते. हे पैसे घराला लागतात असं कागदावर दिसतं, पण खरं सांगायचं तर ते पोटाला लागले. हे घरी विटा उचलत होते तेव्हा आडतीवरची हमाली बंद होती. ती मजुरी नसती तर आम्ही खाल्लं काय असतं?

भिंती महिन्याभरात उठल्या. त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. वाळू परवडत नव्हती म्हणून बांधकामाला दगडाची कच वापरली, वाळू फक्त स्लॅबला आणि आतल्या गिलाव्याला. आता २०२५ च्या वाळू धोरणात घरकुलाला पाच ब्रास वाळू मोफत आहे. आमच्या वेळी जी वाळू मिळायची ती रात्री यायची आणि भाव विचारायचा नसायचा. भिंतींना ६८,००० लागले, दुसरा हप्ता ४५,००० चा, वरच्या २३,००० पैकी २०,००० माझ्या भावाने दिले.

लिंटलचा पट्टा झाला, तिसरा हप्ता या वेळी लवकर आला, आणि घरात भांडण सुरू झालं. छत कशाचं?

मामी म्हणाल्या, पत्रे. दुसरं काही नको. "डोस्क्यावर ओझं नगं मला. सिमेंटचं आसंल न्हाईतर मातीचं, पडायचं ते पडतंयच." ह्यांना स्लॅब हवा होता. मला पण. दहा वर्षं पत्र्याखाली शिवणकाम केलंय मी, एप्रिल-मेमध्ये मशीनचं चाक हाताला चटका देतं. आणि पुढे कधी वर खोली काढायची तर स्लॅब पाहिजे. पण मामी रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत, नुसत्या म्हणाल्या की तुम्ही टाका, मी आत झोपणार नाही. त्या बाईने भावाला ढिगाऱ्यातून काढताना पाहिलेलं आहे. तिच्याशी वाद कसा घालायचा? मिस्तरीमामांनी त्यांना हाताला धरून घरात नेलं, कोपऱ्यातली सळई दाखवली, पट्टा दाखवला, म्हणाले, आत्या, ही भिंत त्या भिंतीसारखी सुटी होत नाही. मामींनी सळईला हात लावून पाहिला. काही बोलल्या नाहीत.

आम्ही स्लॅब टाकला. १२ एप्रिल २०२१, पाडव्याच्या आदल्या दिवशी. पाया खणला तेव्हा आणि आता, सळईच्या भावात किलोमागे सात-आठ रुपयांचा फरक पडला होता. सगळा मिळून ६६,००० खर्च, आडतीवरून ह्यांनी २५,००० उचल घेतली, पुढच्या हंगामाच्या हमालीत कापून द्यायची. सकाळी सहाला मिक्सर सुरू झाला आणि दुपारी दोनपर्यंत स्लॅब झाला. भावकीतली बारा माणसं मालाची घमेली द्यायला आली, कुणी पैसे घेतले नाहीत. मी पिठलं-भाकरी आणि शिरा केला. दुसऱ्या दिवशी त्या ओल्या स्लॅबच्या कडेलाच गुढी उभारली. आणि तिसऱ्या दिवशी कोरोनाचे कडक निर्बंध लागले.

सेंट्रिंग काढायला माणूस येईना. दुकानं बंद, मिस्तरी आपल्या गावी. मी आणि मोठ्या मुलाने स्लॅबवर मातीची आळी केली आणि एकवीस दिवस पाणी भरलं, सकाळ-संध्याकाळ, हापशावरून घागरींनी. मिस्तरीमामा फोनवर रोज विचारायचे, पाणी आटू दिलं नाही ना? एक दिवसही आटू दिलं नाही. आमच्या घराला आज कुठे केसाएवढा तडा नाही, आणि त्याचं श्रेय मी त्या घागरींना देते.

पुढचे चार महिने फार वाईट गेले. आम्ही भावकीतल्या एकांच्या गोठ्याच्या अर्ध्या भागात राहत होतो. बाजार बंद म्हणून हमाली बंद. शेवटचा हप्ता घर पूर्ण झाल्यावर, आणि पूर्ण म्हणजे दार, खिडक्या, शौचालय, सगळं. ते करायला ७७,००० लागले, त्यातले ३२,००० नंतर मिळणार. उरलेले दुकानदारांनी उधारीवर दिले, आणि मी त्यांची आभारी आहे, कारण त्या दिवसांत कुणालाच कुणाची खात्री नव्हती. जुन्या घराची सागवानी चौकट सुताराने तासून बसवली. शहाबादी फरशी टाकली. बाहेरून गिलावा राहिला तो राहिलाच, दोन वर्षांनी केला.

शेवटी घराला एकूण २,७३,००० लागले. त्यात सरकारचे १,३२,०००. मी तक्रार म्हणून सांगत नाही. त्या १,३२,००० शिवाय आम्ही जन्मात एवढं बांधलं नसतं. पण मैदानी भागासाठीचे १,२०,००० हा आकडा २०१६ चा आहे. राज्य सरकारने २०२५ मध्ये नव्या घरकुलांना ५०,००० ची भर घातली, त्यातले १५,००० छतावरच्या सौर संचासाठी. ज्यांना मिळेल त्यांनी घ्यावं, आणि पायाला आधीच किती लागेल ते मिस्तरीला विचारून मगच जुनं घर पाडावं. आम्ही आधी पाडलं होतं.

सप्टेंबरमध्ये पूर्णत्वाचा फोटो झाला. रंगाऱ्याने दाराशेजारी चौकोन आखून योजनेचं नाव, माझं नाव, वर्ष आणि रक्कम लिहिली. पितृपक्ष लागला होता, म्हणून घटस्थापनेला राहायला जायचं ठरलं. भांडी, मशीन, धान्याच्या गोण्या मात्र नव्या घरात नेऊन ठेवल्या. मामी गोठ्यातच. घटस्थापनेलाही आत झोपणार नाही, असं त्यांनी पुन्हा एकदा सांगून ठेवलं होतं, आणि मी त्यांच्यासाठी दारासमोर पत्र्याचा छोटा मांडव घालायचं ह्यांच्याशी बोलले होते.

२७ सप्टेंबरच्या रात्री तो पाऊस आला. ज्याने मांजरा-तेरणेला पूर आला, सोयाबीन पाण्यात गेलं, तोच. अकरानंतर गोठ्यात घोट्याएवढं पाणी झालं, पत्र्यांवर आवाज एवढा की शेजारच्याचं बोलणं ऐकू येईना. आम्ही मुलांना उचललं आणि नव्या घराकडे पळालो. मामी मागे राहिल्या. हे परत गेले, त्यांना पाठीवर घ्यायला लागले तर त्यांनी हात झटकला, आणि स्वतःच चालत आल्या, डोक्यावर गोणपाटाची खोळ घेऊन. दारात थांबल्या. मी कंदील वर धरला. त्यांनी छताकडे पाहिलं, मग कोपऱ्याकडे, जिथे मिस्तरीमामांनी सळई दाखवली होती. तिथे आता गिलावा होता, काही दिसत नव्हतं. त्या जाऊन त्या कोपऱ्याला पाठ लावून बसल्या, म्हणाल्या, "दार लावू नगंस." आम्ही दार रात्रभर उघडं ठेवलं. पाणी उंबऱ्यापर्यंत उडत होतं. पहाटे चारच्या सुमाराला मी उठून पाहिलं, तर त्या गोणपाट पांघरून आडव्या झाल्या होत्या आणि गाढ झोपल्या होत्या.